शिध्याच्या पिशवीत सुकट असावी का? (ठाणे)

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या महिला मंडळाची बैठक आहे आणि एका प्रश्नावर आमच्यात सरळ दोन तट पडलेत. म्हणून इथे सविस्तर मांडतेय.

आमची सोसायटी पोखरण रोडच्या बाजूला. मागे येऊरच्या पायथ्याला वस्ती आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका तिथल्याच, शिवाय वॉचमन, रिक्षावाले, नाक्यावर उभे राहून काम शोधणारे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मंडळाने तिथल्या चाळीसेक घरांना महिन्याचा शिधा द्यायला सुरुवात केली आणि ते आजवर थांबलेलं नाही. पिशवी ठरलेली असते: पाच किलो तांदूळ, पाच किलो गव्हाचं पीठ, एक किलो तूरडाळ, साखर, सोयाबीनच्या वड्या, रिफाइंड तेल.

या वर्षी वर्गणी जरा बरी जमली. म्हटलं, खरेदीआधी घरोघरी विचारू या. वही घेऊन आम्ही दोघी फिरलो. तांदूळ जवळजवळ कुणालाच नको होते, ते रेशनवर मिळतात. गहूही मिळतो, पण दळणाचे पैसे जातात. डाळ, तेल, शेंगदाणे, अंडी मागितली. मूळच्या जालना-बीडकडच्या घरांनी ज्वारी मागितली. आणि निम्म्याहून जास्त घरांनी मागितली सुकी मासळी. जवळा, नाहीतर बोंबील.

एक मावशी आधी काही बोलेचनात. "जे द्याल ते, ताई." मी पुन्हा विचारलं, मावशी, तुमच्या घरी पोरं काय आवडीने खातात? तशा हसल्या. म्हणाल्या, "सुकट असली की दोन भाकरी जास्त खातात. वड्या घातल्या की ताटात उरतात." मग हळूच, "पण तुमच्या पैशातून मासळी कशी मागायची?"

त्यांनी स्वतःहून जी अडचण ओळखली, तीच बैठकीत आली. काही वर्गणीदार शाकाहारी आहेत. काहींचं म्हणणं, प्रथिनं वड्यांतही तेवढीच आहेत, मग हट्ट कशाला. शिवाय हिशोबासाठी पिशवी देताना फोटो काढायची पद्धत आहे, तीही मला खटकते. माझं मत सांगून टाकते: विचारायला गेलो, त्यांनी विश्वासाने सांगितलं, तर आता ते द्यायला हवं. पण सगळ्यांना बरोबर घेऊन कसं करायचं? तुमच्या भागात कुणी काही केलं असेल तर सांगा.

रोखठोक

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. वर्गणी हा विश्वासाचा पैसा आहे. देणाऱ्याने भूक भागावी म्हणून दिला, आवडीनिवडीसाठी नाही. चाळीस घरांच्या चाळीस मागण्या पुरवत बसलात तर चार महिन्यांत मंडळ थकेल आणि जे मिळतंय तेही बंद पडेल. एकसारखी पिशवी असली की भांडण नाही, हिशोब सोपा.

खाडीकाठ

रोखठोक दादा, हिशोबाचा मुद्दा पटतो. पण सुकं म्हणजे चैन नव्हे हो. मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावची, कोळ्यांची लेक. लोक सुकटीचं नाव काढताना नाक धरतात म्हणून थोडं लिहिते.

वाटीभर जवळा कोरडा भाजायचा, चाळून-पाखडून वाळू काढायची, दोन कांदे, मिरची, एखादी कैरी नाहीतर चार आमसुलं. पाच माणसांचं तोंडीलावणं तयार. तेल चमचाभर पुरतं. गॅस दहा मिनिटं. राजमा-छोले शिजवायला कुकरच्या किती शिट्ट्या लागतात, आणि छोटा सिलेंडर किती दिवस पुरतो, हे ज्याच्या घरात मोजून चालतं त्यालाच कळतं. फ्रिज लागत नाही. जवळा सालीसकट अख्खा पोटात जातो, म्हणजे प्रथिनांबरोबर कॅल्शियमही. तांदूळ रेशनचे असतीलच, ते दळून आणले की भाकरी आणि जवळा, झालं पूर्ण जेवण.

सध्या आगोटीचे, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीचे दिवस आहेत. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद. त्याआधी आमच्याकडे प्रत्येक घर सुकं भरून ठेवतं. पावसात ना धड काम असतं, ना ताजी भाजी परवडते. तुमच्या मावशींनी नेमकं त्या दिवसांसाठीच मागितलंय.

घेताना एवढंच बघा: मुठीत दाबला की जवळा चिकटता कामा नये, रंग गुलाबीसर असावा, काळपट नको. वासाला खारा, उग्र नाही.

अर्जफाटे

रेशनबद्दल माहिती देतो. ठाण्यात लोकांचे अर्ज भरून देतो, त्यामुळे रोजचा विषय.

तांदूळ कुणालाच नको होते असं लिहिलंय, पण वहीत पुन्हा बघा. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे, अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३पासून ते फुकट आहे. पण शहरी भागात प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये. महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत! तीन घरची धुणीभांडी करणारी बाई कागदावर याच्या वर जाते. तिच्याकडे केशरी कार्ड असतं आणि दुकानात तिला धान्य नसतं. वर राज्याला साधारण ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे, ती २०११च्या जनगणनेवरून ठरलेली. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबई किती वाढली ते आपण बघतोच आहोत.

म्हणून पाचसहा घरं अशी निघतील जी "जे द्याल ते" म्हणाली असतील आणि त्यांना खरंच तांदूळ लागत असतील. लाजेने बोलत नाहीत. त्यांना वेगळं, एकटं गाठून विचारा.

दुसरं. कार्ड गावचं असलं तरी धान्य इथे उचलता येतं. जालन्याचं कार्ड वागळे इस्टेटमधल्या दुकानात चालतं, आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं हवं. घरातली दोन माणसं इथे आणि चार गावाला असतील तर दोघांचा वाटा इथे, बाकीच्यांचा तिथे, हेही चालतं. दुकानदार "बाहेरचं कार्ड" म्हणून परत पाठवत असेल तर १९६७ वर तक्रार करा. ठाणे शहर आणि नवी मुंबई तहसीलदाराकडे येत नाहीत, मुंबईच्या शिधावाटप नियंत्रकाखाली फ परिमंडळ आहे. लोक उगाच तहसील कार्यालयात चकरा मारतात.

अंगठा उमटत नाही ही तक्रार भांडी घासणाऱ्या बायकांची नेहमीची. साबणाने बोटांच्या रेषा झिजतात. अशा बाईबरोबर मंडळातली एक जण दुकानापर्यंत गेली तरी फरक पडतो. मोबाइलवर ओटीपीने किंवा घरातल्या दुसऱ्या सदस्याच्या अंगठ्याने काम होतं, पण ते ठामपणे सांगणारं माणूस सोबत लागतं.

जुना तोलणार

तुर्भ्याच्या दाणाबंदरात, धान्याच्या घाऊक बाजारात, आयुष्य गेलं. आता निवृत्त. मूळचा जालन्याकडचा, म्हणून ज्वारीचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होतो. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी, म्हणजे पिठाचं तयार कोरडं खाणं, मिळायची आणि रेशनला परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. त्या धान्यावर आम्ही जगलो, हे मी कधी विसरणार नाही. पण आई भाकरी थापायला बसली की कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे. ती पुन्हा पुन्हा कोमट पाण्यात मळायची. शेजारणी यायच्या, सगळ्यांचं तेच. भाकरी करता न येणारी बाई अशी तिची ओळख झाल्यासारखं तिला वाटायचं. पोरांच्या पोटात पडत होतं, तरी तिचं मन कुठेतरी खाली गेलेलं असायचं. आता माझं वय झालं तेव्हा ते मला समजतंय.

त्या दुष्काळातूनच रोजगार हमी उभी राहिली. लोकांनी भीक नको, काम द्या म्हटलं. आपल्या मुलखाची ही रीत आहे.

तर ताई, ज्वारी द्याच. दाणाबंदरातून मालदांडी घ्या, बार्शी-सोलापूरकडचा शाळू. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा. ज्वारी आता गव्हापेक्षा महाग झाली आहे, म्हणूनच ही माणसं ती खाणं सोडतायत, आवड गेली म्हणून नाही. क्विंटलाने घेतलीत तर भावात फरक पडेल, टेम्पोचं मी बघतो, ओळखी अजून आहेत. आणि पीठ करून देऊ नका, धान्य द्या. दळणाचे पैसे वस्तीजवळच्या गिरणीवाल्याकडे आगाऊ भरून ठेवा. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांत कडू होतं.

सुगंधा ऐरोली

काका, वाचून डोळ्यात पाणी आलं. गिरणीची कल्पना फार चांगली.

अंगणवाडीतली ताई

नवी मुंबईत दिघ्याच्या बाजूला काम करते. सगळ्यांनी घराबद्दल लिहिलंय, मी पोरांबद्दल आणि बाळंतिणींबद्दल लिहिते.

आमच्याकडे सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आणि गरोदर-स्तनदा मातांना घरी न्यायचा शिधा मिळतो, तीन ते सहाच्या मुलांना गरम ताजं जेवण. कागदावर उष्मांक-प्रथिनं बरोबर असतात. पण तयार पाकिटाची चव पोराच्या जिभेला बसली नाही तर ते पाकीट फळीवर पडून राहतं. खिचडीच्या दिवशी मात्र पातेलं पुसून निघतं. वजनकाटा पाकिटातल्या आकड्यावर हलत नाही, पोटात गेलेल्या घासावर हलतो. एवढं मी अनुभवाने सांगू शकते.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय. आणि या बायका सगळ्यांत शेवटी जेवतात. तुमच्या चाळीस घरांत एखादी तरी गरोदर किंवा ओली बाळंतीण असेलच. तिची पिशवी वेगळी करा: अहळीव, डिंक, खारीक, गूळ, सुकं खोबरं, मेथी. हे दिलं की सासूसुद्धा म्हणते, हे सुनेचं आहे, हिला करून घाला. बिस्किटं आणि हेल्थ पावडर दिली की ती पोरांत वाटली जातात. बाळंतिणीचा खाऊ म्हटलं की त्याला घरात हात लागत नाही, ही आपल्याकडे अजून टिकलेली गोष्ट आहे, तिचा उपयोग करून घ्या.

नाचणीही घाला. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि आंबील करायला दात लागत नाहीत, म्हणजे म्हाताऱ्यांचीही सोय.

आणखी एक. रेशनच्या तांदळात कधी कधी काही दाणे वेगळे, पांढरट दिसतात. बायका "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून फेकतात. ते तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून केलेले दाणे असतात, शंभर दाण्यांत एक. वस्तीत जाल तेव्हा सांगा. पण ओरडून नको. फेकणारी बाई मूर्ख नसते, पोरांना वाईट खायला घालू नये म्हणूनच ती निवडत असते.

तुळशीवृंदावन

मी चैत्रपालवीच्या सोसायटीतली नाही, पण तुमच्याकडचे जे शाकाहारी वर्गणीदार आहेत तशीच आहे, म्हणून त्यांची बाजू मांडते. माझ्या पैशातून मासळी घेतली गेली तर मला खरंच त्रास होईल. तो श्रद्धेचा भाग आहे, गरिबांचा तिरस्कार नाही. पण मावशींनी काय खावं हे ठरवायचा हक्क मला नाही, हेही तितकंच खरं. वर्गणी घेताना दोन रकाने ठेवा. माझ्यासारख्यांचे पैसे डाळ, शेंगदाणे, तीळ, गूळ, ज्वारी यांना. त्यात कुणाचाच अडसर नाही आणि ती खरेदीच मोठी आहे. बाकीच्यांच्या पैशातून सुकं आणि अंडी. आम्हाला आधीच सांगितलंत तर आम्ही आनंदाने देऊ. न सांगता केलंत तर मात्र मन दुखावेल.

कौसा

फोटोबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

मुंब्र्यात लॉकडाऊनच्या वेळी माझ्या ओळखीच्या एका घरी शिधा आला. बाप कारखान्यात सुपरवायझर होता, काम सुटलं होतं. पिशवी हातात देऊन फोटो काढला आणि तो ग्रुपवर गेला. त्यांच्या मुलीच्या वर्गातल्या मुलींनी पाहिला. पुढच्या वेळी त्या घराचं दार उघडलं नाही. घरात पीठ नव्हतं, तरी उघडलं नाही.

शिवभोजन थाळी २०२०मध्ये सुरू झाली तेव्हा तिथेही जेवणाऱ्याचा फोटो ॲपवर चढवावा लागे. बाकी ती थाळी मला फार आवडायची: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. माणूस दहाची नोट देऊन जेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून बसायचा. पण त्या फोटोसाठी मान वर करायला सांगितलं की काही जण उठून जायचे, हे मी पाहिलंय.

आमच्या मोहल्ल्यात रमजानमध्ये काही लोक वाण्याकडे जाऊन गरजू घरांची उधारी फेडून टाकतात. कुणी फेडली ते वाणी सांगत नाही. तुम्हीही वस्तीतल्या किराणा दुकानदाराकडे महिन्याची रक्कम भरा, घराला एक चिठ्ठी द्या. बाई जाईल, स्वतःला हवं ते घेईल, घासाघीसही करेल. हिशोबाला दुकानदाराचं बिल पुरेसं आहे, माणसाचा चेहरा कशाला?

रोखठोक

चिठ्ठीची कल्पना मला बऱ्यापैकी पटली, पण दोन शंका आहेत. नवरा चिठ्ठी घेऊन गेला आणि दुकानदाराने चिठ्ठीच्या बदल्यात रोख दिली तर? वस्तीत हे होतं, डोळे झाकून चालणार नाही. आणि दुकानदार चिठ्ठीवाल्या गिऱ्हाइकाला भाव वाढवून लावतो तर?

अर्जफाटे

दोन्ही शंका रास्त आहेत. चिठ्ठी बाईच्या नावाने काढा आणि दुकानदाराशी ठरवा: तंबाखू, गुटखा, रोख नाही, बाकी सगळं खुलं. भाव रोखीच्या गिऱ्हाइकाचाच. महिन्याला पाचसहा बिलं तपासली की कळतं. एकाच दुकानावर अवलंबून राहू नका, दोन ठेवा.

सरकारनेही मधला मार्ग काढलेला आहे. २०२०मध्ये आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान आणलं तेव्हा ४,००० रुपयांतले २,००० खात्यात आणि २,०००चं धान्य-तेल-मसाले असं ठरवलं होतं. तुम्हीही अर्धं सामान, अर्धी चिठ्ठी करून बघा.

जुना तोलणार

रोखठोक साहेब, दारूचा प्रश्न खरा आहे. पण पिशवी दिली तरी दारुड्या नवरा तेलाचा डबा विकतोच. त्याच्यासाठी बाकीच्या घरांची निवड काढून घेऊ नये असं मला वाटतं.

रोखठोक

काका, मान्य. तीन महिने करून बघावं आणि मग बिलं समोर ठेवून बोलावं, एवढंच माझं म्हणणं. वाण्याशी भावाचं बोलायला आणि बिलं तपासायला मी येईन, माझं दुकान होतं.

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

बैठकीत मांडणार आहे ते असं. तांदूळ आणि गव्हाचं पीठ सरसकट बंद, फक्त ज्यांना रेशन मिळत नाही त्या घरांना. अर्जफाटे दादांनी सांगितल्याप्रमाणे वही पुन्हा पाहिली, "जे द्याल ते" म्हणणारी सात घरं आहेत. त्यांच्याकडे एकटीच जाऊन बसणार आहे, वहीशिवाय. सामानात डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ, आणि ज्वारी किंवा नाचणी यातलं जे हवं ते. उरलेल्याची चिठ्ठी. तुळशीवृंदावन ताईंचे दोन रकाने आज ग्रुपवर टाकले. ज्या काकूंचा सर्वांत जास्त विरोध होता त्यांनीच पहिलं नाव लिहिलं, शेंगदाण्यांसमोर. फोटो बंद करायला खजिनदार अजून तयार नाहीत, ऑडिटचं कारण सांगतात. तिथे मला ठाम राहावं लागेल, कौसाची पोस्ट वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

वस्तीत दोन गरोदर बायका आहेत. अंगणवाडीतल्या ताई, अहळीव किती आणि कसं घ्यायचं ते एकदा सांगाल का?

सुकटीचं चिठ्ठीत बसत नाही, वाण्याकडे ती नसते. म्हणून ती वेगळी घ्यावी लागेल. खाडीकाठ ताई, चोवीस घरांना अर्धा अर्धा किलो जवळा आणि थोडे बोंबील, पावसाआधी मिळेल का?

कौसा

जरूर वाचा. त्या घराची ओळख पटेल असं काही सांगू नका, एवढंच.

अंगणवाडीतली ताई

अहळीव बाळंतपणानंतरच द्या, गरोदरपणात नको, हे मी आधीच्या यादीत स्पष्ट लिहायला हवं होतं. आमच्याकडे जुन्या बायकाही नकोच म्हणतात. तोवर नाचणी, शेंगदाणे, पालेभाजी, अंडं. जेवणावर लिंबू पिळायला सांगा आणि जेवणाबरोबर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. दोघींची अंगणवाडीत नावनोंदणी झाली आहे का ते मात्र आधी बघा.

खाडीकाठ

मिळेल. माझी आत्या सुकवते, शिवाय शेजारच्या दोघी आहेत. तिघींकडून मिळून घ्या, म्हणजे एकीवर ओझं नाही आणि तिघींच्याही आगोटीला पैसे येतील. शनिवारी सकाळी दहाच्या आत या, नंतर त्या बाजाराला निघतात. भाव तुम्हीच बोला त्यांच्याशी, मी मध्ये पडणार नाही. येताना कापडी पिशव्या आणा, प्लास्टिकमध्ये जवळ्याला घाम सुटतो. आणि त्या मावशींनाही सोबत आणा की, सुकट त्यांना आपल्यापेक्षा चांगली पारखता येईल.